घेता काय?

लक्ष्मीची यात्रा कैक वर्षांनी भरली
त्या आठवड्यात माझ्या दुकानातल्या
पित्ताच्या गोळ्या तीनदा संपल्या.
बेळगावचे, गडहिंग्लजचे, पार वास्कोचे पाहुणे,
परड्या-परड्यात तीन दगडांच्या चुली,
आणि रात्री शिनोळीच्या बाजूनं येणाऱ्या
मोटारसायकलींच्या डिकीत
पेपरात गुंडाळलेल्या बाटल्या.

मंगळवारी होनगेकर गुरुजी आले,
गाल टम्म, दाढ धरून.
चिठ्ठीवरची गोळी काढली, पाकिटावर पेनानं लिहिलं:
सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक.
"जेवल्यावर घ्या, सर.
तोंडाला पत्र्याची चव येईल, घाबरू नका."
अजून एक वाक्य जिभेवर आलं होतं.
गिळलं.

त्याच सकाळी
वीटभट्टीवरच्या भरमाणीला विचारलं होतं,
सेंट्रिंगच्या दोघांना तर दटावून:
"घेता काय? ह्या गोळीवर थेंब नाही, कळलं?"
त्यांनी खाली बघून ऐकलं.
पण गुरुजींना कसं विचारणार?
सहावीत व्यसनमुक्तीच्या निबंधाला
त्यांनीच मला पहिला नंबर दिलेला,
वर कंपासपेटी.

पट्टीमागं इशारा होता की,
मुंगीच्या पायाएवढा, इंग्रजीत.
आमच्याकडं पाट्यांच्या भाषेवरनं दगड उडतात,
खरं पट्टीमागची भाषा कोण मागत नाही,
ना मराठीतनं, ना कन्नडातनं.

बुधवारी रात्री, वाजप भरात असताना
मेहुण्यानं पेला पुढं केला.
दोनच पेग. अजून सगळे शपथेवर सांगतात, दोनच.
मग तोंड इंगळासारखं,
छातीत घोडं सुटल्यागत,
आणि केळीच्या बुंध्याशी वांत्यावर वांत्या.
कोण म्हणालं मटण बाधलं,
कोण म्हणालं देवीचं काहीतरी राहिलं,
थोरली जाऊ मीठ-मोहऱ्या घेऊन धावली.
मला बोलवायला पोरगं आलं
तशी मी अनवाणीच पळाले.
सोप्यातल्या कोनाड्यात
माझ्याच अक्षरातलं पाकीट:
सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक.

मंडपाचं सामान आणलेल्या टेम्पोतनंच
बेळगावला नेलं.
सलाईन, नाकाला नळी,
पहाटे कधीतरी घोडं दमलं.

सगळ्याच गोळ्या दारूशी भांडत नाहीत.
ही भांडते.
शेवटची गिळल्यावरही तीन दिवस
राग धरून बसते.
एवढंच होतं ते वाक्य.
बोलायला किती लागलं असतं?
सुट्टे पैसे मोजायला लागतात
त्याहून कमी.

आठ दिवसांनी गुरुजी उधारी द्यायला आले.
नोट काउंटरवर ठेवली, दुमडलेला कोपरा सरळ केला.
"त्या भरमाणीला विचारलीस म्हणे."
रागानं नाही.
वहीतली चुकलेली हातची दाखवावी तसं.
मला वाटलं, आता म्हणतील, पुन्हा सोडव.
खरं ते चालत गेले,
छत्री विसरून.

आता मी सगळ्यांना विचारते.
फौजदाराला विचारलं, मठातल्या अय्यांना विचारलं,
नव्या जावयांना सासऱ्यासमोर.
काहीजण दुसऱ्या दुकानात जातात, जाऊ देत.
एकजण हुशार: "मग आजची गोळी सोडतो, आणि घेतो."
त्याला बसवून सांगितलं,
अर्धवट सोडलेलं दुखणं
व्याजासकट परत येतंय बाबा.

काल गंगव्वा आली, सत्तरीची,
तंबाखूची पानं निवडून बोटं तपकिरी.
तीच पट्टी.
"आज्जी, घेता काय?"
तिनं मागं बघितलं. सून रस्त्यापलीकडं
बांगड्या बघत होती.
"थंडीत," म्हणाली, "वाईच."
आणि पदर तोंडाला लावून हसली:
"कोण इचारलंच न्हवतं गे आजवर."